पैलकर लिहा

रविवार, १२ मार्च

तीर्थरूप आई,

नमस्कार. "आम्ही इकडे सगळे मजेत" हे वाक्य लिहायची हाताला इतकी सवय झालीय की आत्ताही ते आपोआप उमटणार होतं. या वेळी ते जरा मागे ठेवते. लिहीन, पण त्याच्या जागी लिहीन.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्याला भाऊजी तुमच्या वतीनं "हो हो, सांगतो" म्हणतात. मागे मी "नळ गळतोय" म्हटलं, तर तुमच्यापर्यंत "गळा दुखतोय" एवढंच पोचलं आणि जाऊबाईंनी लोकरीचा मफलर धाडला. मफलर छान आहे. नळ अजून गळतोय. तुमचे चिरंजीव गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करतात, पण घरातल्या नळाला हात लावायला त्यांना मुहूर्त सापडत नाही.

त्यांचं काम बरं चाललंय. नदीपलीकडच्या त्या उंच इमारतीचं कंत्राट त्यांच्या कंपनीला मिळालं. पहिल्याच आठवड्यात इमारतीचे मालकच लिफ्टमध्ये अडकले आणि यांना आतून शिव्या ऐकत काम करावं लागलं. माझं कार्यालय आता वरच्या मजल्यावर गेलंय. उजेड भरपूर आहे, कपाटं कमी आहेत. बिट्टीचा पुढचा दात पडला. ती सध्या डाव्या हातानं चित्रं काढते. घोडा काढला तर तो खुर्चीसारखा दिसतो, पण तिला सांगायची सोय नाही.

हवा उकाड्याची झालीय. तुमच्या गुडघ्याचं काय? तेल लावता की नुसतं उशाशी ठेवता?

बघा, पान भरत आलं आणि मी अजून गुडघ्यांवरच आहे. खरं तर मी तुमचे आभार मानायला बसलेय. सासूचे आभार पत्रात कसे मानतात हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून मफलर आणि नळ चालू आहे.

तुम्हाला आठवत असेल, दोन पावसाळ्यांपूर्वी मी अचानक एकटीच तुमच्याकडे आले होते. का आले, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही पुरतं सांगितलं नाही. त्या वेळी माझ्या बाजूला काय घडत होतं, ते आज सांगते.

आमच्या कार्यालयात दवाखान्यांकडून माहिती येते. कोण आजारी पडलं, कशानं, वय काय, समाज कोणता. आम्ही ती एकत्र करतो, तक्ते बनवतो, वर पाठवतो. समाजाच्या रकान्यात मोठ्या समाजांची नावं छापलेली असतात आणि तळाला "इतर". मी कितीतरी वर्षं ते "इतर" टाइप करत आलेय. त्यात माणसं असतात हे मला माहीत होतं. पण भिंतीत विटा असतात हे जसं माहीत असतं, तसंच.

एके दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या, भूल देणाऱ्या एक डॉक्टर आमच्याकडे आल्या. आमचे लोक त्यांना भूलवाल्या बाई म्हणतात. त्यांच्याकडे दोन रुग्ण आले होते, दोघांची ऑपरेशनं साधी. ऑपरेशन झालं, भूल उतरायची वेळ झाली, पण श्वास काही परत येईना. बाईंनी दोघांनाही तासन् तास मशीनवर ठेवलं, स्वतः उशाशी बसून राहिल्या, आणि दोघंही वाचले. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, की भूल देताना शरीर सैल करायला एक औषध टोचतात. बहुतेकांच्या रक्तात ते काही मिनिटांत विरून जातं. काहींच्या रक्तात मात्र ते विरवणारा घटकच जन्मतः नसतो आणि हे घराण्यात चालत येतं. दोन्ही रुग्णांच्या नावापुढे समाज लिहिला होता, "इतर". बाईंचा प्रश्न एवढाच होता, की या इतरांत कोण कोण आहे?

आमचे साहेब म्हणाले, "बाई, इतर म्हणजे जे कुठंच बसत नाहीत ते."

बाई म्हणाल्या, कुठंतरी बसत असतीलच. दोन्ही रुग्णांचे नातेवाईक आपसांत एकच बोली बोलत होते, ती त्यांना कळली नव्हती. पण एक शब्द लक्षात राहिला होता. एका रुग्णाची आई त्याच्या कानाशी लागून सारखी म्हणत होती, "उजळ रे, उजळ."

आई, मी टाइप करता करता थांबले. सुट्टीत बिट्टी तुमच्याकडे राहते, तेव्हा सकाळी तुम्ही तिच्या पायाचा अंगठा ओढून म्हणता ना, "उजळ गं, उजळ"? मला वाटायचं, ते तुमचं लाडाचं बोलणं. तुमच्या बोलीत झोपेतून उठण्याला उजळणं म्हणतात, हे इतकी वर्षं संसार करून मला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी यांना विचारलं. लग्नाच्या वेळी यांनी "आम्ही नदीकाठचे" एवढंच सांगितलं होतं आणि मलाही तेवढं पुरलं होतं. आता विचारलं, की तुम्ही पैलकर का, पूर्वी नावेनं लोकांना पैलतीरी नेणारे? ते म्हणाले, "ते सगळं आता नाही." आणि चपला घालून बाहेर गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले.

तुम्ही वाटाणे सोलत होता. मी आडूनआडून सुरुवात केली, आपल्यात कुणाला भूल मानवली नाही असं झालंय का वगैरे. तुम्ही वर न बघता म्हणालात, "मिरीला टॉन्सिलसाठी नेलं होतं. झोपली ती झोपलीच." आणि सोलत राहिलात. दाणे सालीत पडत होते आणि साली दाण्यांत.

मिरीवन्सं होत्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात उल्लेख नाही. मला वाटायचं, यांना भाऊजी तेवढे मोठे. मोठी बहीणही होती, ती अकरावीत होती, तिचा आवाज तिखट म्हणून तिला मिरी म्हणायचे, हे मला त्या वाटाण्यांसमोर कळलं. तुम्हाला दवाखान्यानं सांगितलं होतं, हृदय बंद पडलं. मग मी भूलवाल्या बाईंचं आणि त्या औषधाचं सांगितलं. तुम्ही मला विचारलंत, हे त्या औषधानं झालं असेल का? मी म्हटलं, आता कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. तुम्ही वाटाणे बाजूला ठेवलेत आणि म्हणालात, "त्या बाई कुठल्या खोलीत बसतात?"

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मी जे पाहिलं ते लिहिते, कारण तुम्ही स्वतःला पाहिलेलं नाही.

पुलाखालच्या सभागृहात आपली माणसं जमली होती. ("आपली" लिहून गेले. तसंच राहू दे.) भूलवाल्या बाईंनी सगळं नीट समजावलं, रक्त तपासायला द्या, समाजाचं नाव सांगा, म्हणाल्या. मग तो म्हातारा टॅक्सीवाला उठला. म्हणाला, पूल व्हायच्या आधी आम्ही अख्ख्या गावाला नदीपार नेत होतो. पुलाच्या वेळी साहेबलोक आले, पैलकरांची घरं किती ते मोजून गेले, आणि मोजून झाल्यावर काठावरून उठवलं. नंतर शाळेत पोरांना चिखले म्हणून चिडवलं. तेव्हापासून आम्ही इतर आहोत आणि इतरच बरे. त्याचं चुकत नव्हतं. मी सरकारी नोकर, मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

आणि तुम्ही उठलात. हातात पिशवी तशीच. तुम्ही म्हणालात, "मोजलं तेव्हा माझं घर गेलं, खरंय. पण मोजलं नाही तेव्हा माझी पोर गेली. घर मी दुसरं केलं."

एवढंच बोललात. मग बाईंसमोर जाऊन हात पुढे केलात आणि म्हणालात, "पैलकर लिहा. स्पष्ट लिहा." तुमच्या मागे आधी टॅक्सीवाल्याची बायको उभी राहिली. मग तो स्वतः, कुरकुरत. मग रांगच लागली.

रक्ताचे निकाल आले तेव्हा बाईंनी मला फोन केला. बाकीच्या लोकांत हा दोष हजारांत एखाद्याला सापडतो. आपल्यात दर पंचवीस माणसांमागे एक निघाला. त्यानंतर वर्षभर पत्रव्यवहार, बैठका, पुन्हा बैठका. साहेबांनी सुरुवातीला टाळाटाळ केली, पण एकदा पटल्यावर स्वतः वरच्या कार्यालयात हेलपाटे घातले, हेही सांगायला हवं. शेवटी "इतर"च्या वर एक नवी ओळ आली. पैलकर. आणि सगळ्या दवाखान्यांना सूचना गेली, की या समाजाचा रुग्ण असेल तर भूल देण्याआधी घराण्याची चौकशी करा, ते औषध टाळा, दुसरं द्या. दुसरं औषध असतं, आई. पूर्वीही होतं. फक्त कुणाला द्यायचं ते माहीत नव्हतं.

ती ओळ मी माझ्या हातानं टाइप केली. घरी येऊन यांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं," आणि जेवत राहिले. पण त्या दिवशी त्यांनी भाजीत मीठ नाही हे बोलून दाखवलं नाही, यावरून मी काय ते समजले.

आता जे सांगायचं ते सांगते. आधी शेवट सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. बिट्टी ठीक आहे. शेजारच्या खोलीत बसून गाणं म्हणतेय, पडलेल्या दातातून हवा जाते त्यामुळे सगळे शब्द शिट्टीसारखे ऐकू येतात.

गेल्या सोमवारी शाळेत डबा खाऊन ती खेळायला गेली आणि घसरगुंडीच्या वरच्या पायरीवरून पडली. उजवा कोपर मोडला. शाळेच्या बाई तिला जवळच्याच लहान दवाखान्यात घेऊन गेल्या आणि आम्ही दोघं आपापल्या कामावरून तिथं धावलो. हाड सरकलं होतं, बोटं थंड पडत चालली होती. थांबून चालणार नव्हतं, लगेच ऑपरेशन करून तारा घालाव्या लागणार होत्या.

तुम्हाला कळवायचं का, असं मी यांना विचारलं. ते म्हणाले, "नको. पुन्हा एकदा दवाखान्याच्या बाकावर आईला बसवायचं नाही मला." राग मानू नका. मलाही तेच वाटलं होतं. नंतर सांगू म्हटलं, आणि नंतर रोज उद्यावर ढकललं. कालपर्यंत जाऊबाईंशी फोनवर हवेबद्दल बोलत होते.

दाखल करताना नर्स प्रश्न विचारत होती. नाव, वय, काही आजार, कशाची ॲलर्जी. मग समाज. हे काउंटरला टेकून उभे होते. मी यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं प्रत्येक कागदावर "इतर" सांगताना मी यांना पाहिलंय, शाळेच्या दाखल्याला, रेशनला, सगळीकडे. मी मनाशी ठरवलं होतं, की हे इतर म्हणाले तर मी मधे बोलणार, मग घरी काय व्हायचं ते होवो.

मला बोलावं लागलं नाही. हे म्हणाले, "पैलकर लिहा." नर्सला ऐकू आलं नसावं, तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा हे मोठ्यानं म्हणाले, "पैलकर. माझे आईवडील पैलकर. माझी बहीण भुलीतून उठली नाही. हे आधी डॉक्टरांना सांगा."

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हे तसेच उभे राहिले.

भूल देणारा डॉक्टर अगदी तरुण होता, लगेच बाहेर आला. त्यानं यांना बाजूला बसवून सगळं विचारलं आणि यांनी सगळं सांगितलं. मी प्रथमच ऐकलं, की मिरीवन्संनी आत जाताना यांच्या हातात आपल्या चपला दिल्या होत्या, "हरवशील तर बघ" म्हणून. डॉक्टरनं मधे कुठं घाई केली नाही. मग म्हणाला, सूचना आमच्याकडे आली आहे, मी वाचली आहे, पण पैलकर रुग्ण माझ्यासमोर पहिल्यांदाच आलाय. नंतर त्यानं असंही सांगितलं, की मुलीचं पोट भरलेलं होतं, अशा वेळी सहसा तेच झटपट औषध देतात. समाजाच्या रकान्यात इतर असतं तर त्यानंही तेच दिलं असतं. त्यानं जागच्या जागी बेत बदलला आणि आत जायच्या आधी मोठ्या दवाखान्यात भूलवाल्या बाईंना फोन लावून दोन शब्द बोलून घेतले.

ऑपरेशन चालू असताना आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. हे समोरच्या लिफ्टकडे बघत होते. एकदाच म्हणाले, "दार नीट लागत नाही तिचं."

मग आम्हाला आत बोलावलं. बिट्टी डोळे मिटून पडलेली, हाताला हे एवढं पांढरं बांधलेलं, पण छाती वरखाली होत होती. आपली आपणच होत होती, आई, मशीनशिवाय. डॉक्टर म्हणाला, हाक मारा. यांनी वाकून तिच्या पायाचा अंगठा धरला आणि म्हणाले, "उजळ गं. उजळ."

यांच्या तोंडून ती बोली मी लग्नापासून ऐकली नव्हती. त्यांच्याकडे ती इतकी स्वच्छ, इतकी तुमच्यासारखी शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं. बिट्टीनं एक डोळा उघडला आणि विचारलं, की माझा डबा शाळेतच राहिला का.

रक्ताचा निकाल काल आला. बिट्टीच्या रक्तात तो घटक जवळजवळ नाहीच. ते औषध दिलं असतं तर तिचा श्वास थांबला असता. डॉक्टर म्हणाला, मशीनवर ठेवून वाचवता आलं असतं, कदाचित. तो प्रामाणिक माणूस आहे म्हणून कदाचित म्हणाला. त्या एका शब्दानं मी काल दिवसभर घरात नुसती इकडून तिकडे फिरत होते. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो म्हणे. म्हणजे माझ्याही घराण्यात कुठंतरी तो आहे, मलाही आता रक्त द्यायचंय. बघा, तुम्ही मला मागे "परक्या घरची" म्हणाला होता.

आई, आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य आता त्याच्या जागी आलं.

मी भूलवाल्या बाईंचे आभार मानले, त्या डॉक्टरचे मानले, नर्सचेही. सगळे म्हणाले, हे आमचं कामच आहे. तुमचं ते काम नव्हतं. तुम्हाला घरात बसून राहता आलं असतं. ज्या गोष्टीवर तुम्ही इतकी वर्षं झाकण ठेवलं होतंत, ती तुम्ही भरल्या सभागृहात उघडी केलीत, आणि तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं की ती कुणाच्या उपयोगी पडेल. तुमच्याच नातीच्या पडली.

हे पत्र मी लिहितेय हे यांना माहीत आहे. तुम्हीही दोन ओळी लिहा म्हटलं, तर कागद समोर घेऊन बसले आणि "आई" एवढंच लिहून उठले. तो कागद सोबत घातलाय.

तुमची नात आज आमच्याकडे आहे, ती तुमच्यामुळे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तुमची ऋणी,
धाकटी सून


गुरुवार

चिरंजीव सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोठा वाचून दाखवतो म्हणाला, पण मी माझं मी वाचलं. त्याच्या वाचण्यात अर्धं गळतं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून तुझा राग आला. मला न सांगता पोरीला आत नेलीत. मी बाकावर बसले असते, मला बसता येतं. पुन्हा असं करू नका.

दुसऱ्यांदा वाचताना राग राहिला नाही.

तू आभार मानलेस. ते ठेवून घेते, परत करत नाही. पण मीही तुला काही सांगते. मिरी गेल्यावर घरात तिचं नाव काढायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. मी रडेन म्हणून पोरं काढायची नाहीत, पोरं गप्प होतील म्हणून मी काढायची नाही. असं करता करता ती नव्हतीच असं झालं. मी वाटाणे सोलत होते तेव्हा तू विचारलंस. परक्या घरची होतीस म्हणून विचारू शकलीस. त्या दिवशी तू गेल्यावर मी तिचा फोटो ट्रंकेतून काढला, आणि आता तुझं पत्र वाचून भिंतीवर लावला. धाकट्याला म्हणावं, येऊन बघ, तू फार दिवसांत पाहिली नाहीस.

धाकट्याचा कागद मिळाला. एकच शब्द आहे, पण अक्षर सुधारलंय.

टॅक्सीवाल्याला बिट्टीचं सांगितलं. तो नुसता पुलाकडे बघत बसला. संध्याकाळी त्याची बायको येऊन म्हणाली, त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण जवळ आलंय, दवाखान्यात काय सांगायचं ते नीट सांगा. मी सांगितलं. आता बायका एकेक करून येतात. मी सगळ्यांना तेच सांगते, लाजू नका, नाव घ्या.

शनिवारी मी येते. मोठा सोडायला येईल आणि लगेच परत जाईल, त्याला थांबवून घेऊ नकोस, त्याचं दुकान आहे. मी मात्र राहणार आहे, पोरीच्या हाताच्या तारा निघेपर्यंत. ऑफिसला जा, घराचं मी बघते. तारा काढताना बाकावर मी बसेन.

पूर्वी काठावर मला सगळे पोरीच्या नावानं हाक मारायचे. ती गेल्यावर लोकांनी हळूहळू सोडून दिलं आणि मीही त्या नावाला ओ द्यायची सोडून दिली. परवा रक्त कुठं द्यायचं ते विचारायला एक म्हातारी घरी आली होती, जुन्या काठावरची. तिनं दारातूनच त्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

तुम्हा सगळ्यांना उदंड आयुष्य लाभो.

मिरीची आई